विश्लेषण : पेनिसिलिनच्या जनकाने दिलेला इशारा काय होता? रुग्णालयातील जिवाणू औषधांना दाद का देत नाहीत?

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना जगाला सावध केले होते. औषध चुकीच्या पद्धतीने वापरले तर जिवाणू त्याला सरावतील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. ती खरी ठरली, पण त्यांनी सांगितलेल्या वाटेपेक्षा वेगळ्या आणि अधिक वेगवान वाटेने. जिवाणू प्रतिकाराची जनुके एकमेकांना देतात आणि या देवाणघेवाणीला रुग्णालयासारखी दुसरी सोयीची जागा नाही. फ्लेमिंग यांच्या आयुष्याची कहाणी आणि त्यांच्या पश्चात उलगडलेले हे कोडे एकत्र वाचले, तर आजचे संकट नीट समजते.

शेतकऱ्याचा मुलगा प्रयोगशाळेत कसा पोहोचला?

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर भागात, डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड या शेतवाडीवर झाला. आठ भावंडांत ते सातवे. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. किशोरवयात ते भावांकडे लंडनला आले आणि पुढे एका जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे कारकुनी केली. काकांच्या मृत्यूनंतर वाट्याला आलेल्या थोड्या पैशांमुळे त्यांना शिक्षण पुढे नेता आले. डॉक्टर असलेल्या मोठ्या भावाच्या सल्ल्याने त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला.

फ्लेमिंग यांच्या शेतकरी वडिलांनी लहानग्या चर्चिल यांना दलदलीतून वाचवले आणि त्या बदल्यात चर्चिल कुटुंबाने फ्लेमिंग यांचे शिक्षण केले, ही गोष्ट आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. तिला कोणताही आधार नाही. १९४३ मध्ये चर्चिल यांचा न्यूमोनिया पेनिसिलिनमुळे बरा झाला, हेही खरे नाही. त्यांना सल्फा गटातील औषध दिले गेले होते.

फ्लेमिंग १९०६ मध्ये डॉक्टर झाले. ते उत्तम नेमबाज होते. असा खेळाडू हातचा जाऊ नये म्हणून रायफल क्लबमधील सहकाऱ्यांनी त्यांना सेंट मेरीजमध्येच आल्मरॉथ राइट यांच्या लसीकरण विभागात काम मिळवून दिले, असे सांगितले जाते. शल्यचिकित्सक होण्याच्या तयारीत असलेले फ्लेमिंग अशा प्रकारे जिवाणूशास्त्राकडे वळले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

पहिल्या महायुद्धाने काय शिकवले?

युद्ध सुरू झाल्यावर राइट यांच्या पथकासोबत फ्लेमिंग फ्रान्समधील बुलोन येथे गेले. तिथल्या एका कॅसिनोच्या इमारतीत प्रयोगशाळा थाटली होती. गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी झालेल्या जखमा चिघळून सैनिक मरत होते. डॉक्टर जखमांवर जंतुनाशके ओतत होते.

फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीला बाहेरच्या बाजूने पोकळ काटे काढून वेड्यावाकड्या जखमेची प्रतिकृती केली. जंतुनाशक त्या काट्यांच्या टोकांपर्यंत पोहोचतच नाही आणि तिथले जंतू जिवंत राहतात, हे त्यांनी दाखवले. उलट ही द्रव्ये शरीराच्या बाजूने लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना मारत होती.

दुसरे निरीक्षण आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सैनिक दाखल झाले तेव्हा अनेकांच्या जखमांत स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू नव्हते. ते रुग्णालयात आल्यानंतर लागत होते. उपचाराची जागाच संसर्गाची जागा होऊ शकते, हे फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या कितीतरी आधी पाहिले होते.

१९२८ मध्ये नेमके काय घडले?

युद्धानंतर फ्लेमिंग सेंट मेरीजमध्ये परतले. जंतूंना मारेल, पण शरीराला अपाय करणार नाही अशा द्रव्याचा विचार त्यांच्या डोक्यात होता. १९२१ मध्ये सर्दी झालेली असताना स्वतःच्याच नाकातील स्रावात त्यांना जिवाणू विरघळवणारे एक विकर म्हणजे एन्झाइम सापडले. त्याला त्यांनी लायसोझाइम असे नाव दिले. अश्रूंमध्येही ते असते. मात्र घातक जिवाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नव्हता.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांनी टेबलावर राहिलेल्या काचेच्या बशा पाहिल्या. त्यात स्टॅफिलोकॉकस जिवाणू वाढवलेले होते. गळवे, जखमांतील पू आणि रक्तातील संसर्ग यांना हे जिवाणू कारणीभूत ठरतात. एका बशीत बुरशी उगवली होती आणि तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळून गेले होते. ती पेनिसिलियम जातीची बुरशी होती. तिच्या रसातील द्रव्याला त्यांनी पुढच्या वर्षी पेनिसिलिन हे नाव दिले.

१९२९ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा रस कोणत्या जिवाणूंवर चालतो आणि कोणत्यांवर चालत नाही, हे दोन्ही त्यात नोंदवले होते. टायफॉइड आणि ई. कोलायच्या गटातील जिवाणूंवर तो निष्प्रभ होता. म्हणजे पेनिसिलिनच्या मर्यादा पहिल्याच निबंधात लिहिलेल्या होत्या. सहायकांनी हे द्रव्य शुद्ध करण्याचा प्रयत्न केला, पण ते टिकत नव्हते. त्यामुळे काही वर्षे त्याचा उपयोग मुख्यतः प्रयोगशाळेत विशिष्ट जिवाणू वेगळे काढण्यासाठीच होत राहिला.

त्याच वर्षी लंडनमध्ये आणखी काय उलगडले?

१९२८ मध्येच लंडनमधील आणखी एका सरकारी प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक ग्रिफिथ हे न्यूमोनियाच्या जिवाणूंवर काम करत होते. त्यांनी घातक जातीचे मारलेले जिवाणू आणि निरुपद्रवी जातीचे जिवंत जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. दोन्ही वेगवेगळे टोचले तर उंदीर जगत होते. एकत्र टोचले तर मरत होते आणि त्यांच्या रक्तात घातक जातीचे जिवंत जिवाणू सापडत होते.

मेलेल्या जिवाणूंकडून जिवंत जिवाणूंनी काहीतरी घेतले होते. हे काहीतरी म्हणजे डीएनए, हे १९४४ मध्ये अमेरिकेतील ऑस्वल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ते पाहायला ग्रिफिथ हयात नव्हते. १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला होता.

एका शहरात, एकाच वर्षी, जिवाणूंना मारणारे औषध आणि जिवाणूंची गुणधर्म उचलण्याची क्षमता या दोन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या. त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध लक्षात यायला मात्र आणखी ३० वर्षे लागली.

पेनिसिलिन औषध कसे झाले?

हे श्रेय ऑक्सफर्डमधील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांच्या पथकाचे. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसचे घातक इंजेक्शन दिले. त्यांपैकी चार उंदरांना पेनिसिलिन दिले. औषध न मिळालेले चारही उंदीर सकाळपर्यंत मेले. ऑगस्टमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते वाचून फ्लेमिंग स्वतः ऑक्सफर्डला गेले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेन आणि एडवर्ड एब्रहम यांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. ई. कोलाय जिवाणूंत पेनिसिलिन मोडून टाकणारे विकर असते. त्याला त्यांनी पेनिसिलिनेज म्हटले. म्हणजे ऑक्सफर्डच्या पथकाने पहिल्या रुग्णावर उपचार करण्याआधीच पेनिसिलिनवरचा तोडगा निसर्गात तयार असल्याचे समजले होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. त्याची प्रकृती सुधारू लागली. औषध इतके कमी होते की त्याच्या लघवीतून ते पुन्हा गोळा करून वापरले गेले. शेवटी साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला. १९४२ मध्ये फ्लेमिंग यांनी फ्लोरी यांच्याकडून औषध मागवून मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या एका रुग्णाला बरे केले. नंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि युद्धाच्या अखेरीस हजारो सैनिकांचे प्राण वाचले. फ्लेमिंग १९४४ मध्ये सर झाले. १९४५ चे नोबेल त्यांना फ्लोरी आणि चेन यांच्यासोबत विभागून मिळाले.

नोबेल व्याख्यानातील इशारा काय होता?

११ डिसेंबर १९४५ च्या व्याख्यानाच्या अखेरीस फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरे घेतो. त्यामुळे घशातील स्ट्रेप्टोकॉकस मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग हेच जिवाणू त्याच्या पत्नीला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. फ्लेमिंग यांनी त्या मृत्यूची जबाबदारी पतीच्या निष्काळजीपणावर ठेवली.

हा केवळ तर्क नव्हता. जिवाणूंना थोडे थोडे औषध देत गेल्यास ते सरावतात, हे प्रयोगशाळेत सहज दिसत होते.

इशारा कुठे अपुरा पडला?

फ्लेमिंग यांनी उदाहरणासाठी निवडलेला घशाचा स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनला दाद देतो. घशाच्या या संसर्गावर डॉक्टर आजही तेच औषध देतात. पेनिसिलिनला जुमानेनासा झाला तो स्टॅफिलोकॉकस, म्हणजे १९२८ च्या त्या बशीत विरघळून गेलेला जिवाणू.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील जिवाणूशास्त्रज्ञ मेरी बार्बर यांनी त्याचा माग घेतला. १९४८ पर्यंत त्या रुग्णालयातील रुग्णांत सापडणारे निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनला प्रतिकार करू लागले होते. प्रत्येक रुग्णाच्या शरीरात जिवाणू नव्याने सरावत आहेत, असे मात्र चित्र नव्हते. पेनिसिलिनेज तयार करणारे थोडे जिवाणू आधीपासूनच होते. औषधाने त्यांचे प्रतिस्पर्धी मारले आणि उरलेले जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरले. पुढे कळले की स्टॅफिलोकॉकसमधील हे विकर तयार करणारे जनुक बहुतेक वेळा प्लाझमिडवर असते. मुख्य गुणसूत्राहून वेगळी असलेली डीएनएची ही छोटी कडी एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते.

फ्लेमिंग यांच्या हयातीतच या कोड्याचे तुकडे सापडत होते. १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी दोन जिवाणू जवळ येऊन जनुकांची देवाणघेवाण करतात हे दाखवले. १९५२ मध्ये लेडरबर्ग आणि नॉर्टन झिंडर यांनी विषाणूही जनुके वाहून नेतात, हे सिद्ध केले. ही जनुके औषधांच्या प्रतिकाराचीही असू शकतात, हे उलगडले १९५९ मध्ये जपानमध्ये. तिथे रक्ती आव घडवणारे शिगेला जिवाणू एकाच वेळी चार औषधांना दाद देईनासे झाले होते. हा प्रतिकार ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात एकगठ्ठा हस्तांतरित होतो, असे जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले. फ्लेमिंग यांचा मृत्यू त्याच्या चार वर्षे आधी, ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने झाला. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या.

जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात कशी जातात?

याच्या तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट संयुग्मनाची. एक जिवाणू बारीक नळीसारख्या तंतूने दुसऱ्याला जवळ ओढतो आणि आपल्या प्लाझमिडची प्रत त्याला देतो. स्वतःची प्रत त्याच्याकडे राहतेच. त्यामुळे देणाऱ्याचे काही कमी होत नाही आणि घेणारा पुढे तिसऱ्याला देऊ शकतो. हे दोघे एकाच जातीचे असावे लागतात असेही नाही.

दुसरी वाट विषाणूंची. जिवाणूंना लागण करणारे विषाणू बाहेर पडताना कधी कधी चुकून त्यांच्या डीएनएचा तुकडा सोबत नेतात आणि पुढच्या जिवाणूत सोडतात. स्टॅफिलोकॉकसमध्ये ही वाट विशेष महत्त्वाची आहे.

तिसरी वाट ग्रिफिथ यांनी पाहिलेली. मेलेल्या जिवाणूंचा सुटा डीएनए जिवंत जिवाणू आत ओढून घेतात. न्यूमोनियाच्या जिवाणूंनी तोंडात आणि घशात राहणाऱ्या इतर स्ट्रेप्टोकॉकसकडून जनुकांचे तुकडे घेऊनच पेनिसिलिनचा प्रतिकार मिळवला.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. काही जनुके उडी मारून गुणसूत्रावरून प्लाझमिडवर आणि एका प्लाझमिडवरून दुसऱ्यावर जातात. त्यामुळे एकाच प्लाझमिडवर पाच-सहा औषधांच्या प्रतिकाराची जनुके जमू शकतात. मग त्यांपैकी कोणतेही एक औषध वापरले तरी सगळा संच टिकून राहतो आणि वाढतो.

रुग्णालयातच हे जास्त का घडते?

अतिदक्षता विभागात अनेक रुग्णांना एकाच वेळी प्रभावी प्रतिजैविके सुरू असतात. या औषधांचा परिणाम केवळ आजार घडवणाऱ्या जंतूंवर होत नाही. आतड्यात राहणाऱ्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंवरही होतो. त्यातले प्रतिकार करणारे तेवढे उरतात आणि मोकळी झालेली जागा व्यापतात. डोस बरोबर असला तरी हे घडते. त्यामुळे फ्लेमिंग यांच्या गोष्टीतील अपुरा डोस हे प्रतिकाराचे एकच कारण नव्हे. गरज नसताना घेतलेले औषधही प्रतिकार वाढवते, मग डोस पुरेपूर का असेना.

लघवीची नळी, शिरेतील सलाइनची नळी, व्हेंटिलेटरची नळी यांच्या पृष्ठभागावर जिवाणूंचे थर बसतात आणि वेगवेगळ्या जाती एकमेकींना चिकटून राहतात. हात धुण्याच्या बेसिनखालच्या ओल्या पाइपांतही असेच घडते. त्यात भर पडते ती हातांची. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात स्वच्छ केले नाहीत, तर जिवाणू जातात आणि त्यांच्यासोबत प्लाझमिडही. तो नव्या रुग्णाच्या आतड्यातील तिथल्याच जिवाणूंना मिळाला, की बाहेरून आलेला जिवाणू नाहीसा झाला तरी जनुक मागे राहते. म्हणूनच एकाच वॉर्डात आज क्लेब्सिएला आणि उद्या ई. कोलाय अशा वेगवेगळ्या जिवाणूंत तेच जनुक सापडू शकते.

भारताचा आणि महाराष्ट्राचा संबंध काय?

स्वतंत्र भारताने पेनिसिलिन देशातच बनवायचे ठरवले आणि १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने त्यासाठी साह्य केले. महागडे आयात औषध सामान्य रुग्णांच्या आवाक्यात आणण्यात या कारखान्याचा मोठा वाटा होता.

अर्ध्या शतकानंतर भारताचे नाव प्रतिकाराच्या संदर्भात पुढे आले. दिल्लीतील रुग्णालयात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत २००८ मध्ये क्लेब्सिएला जिवाणू सापडले. कार्बापेनेम गटातील राखीव औषधांनाही ते दाद देत नव्हते. त्यांच्यातील नव्या जनुकाला एनडीएम-१ असे नाव पडले. त्यातील नवी दिल्लीच्या उल्लेखावर भारतात नाराजी व्यक्त झाली. त्याच रुग्णाच्या शौचातील ई. कोलायमध्येही हेच जनुक प्लाझमिडवर मिळाले. ते रुग्णाच्या शरीरातच एका जातीकडून दुसरीकडे गेले असावे, असे त्यावरून दिसत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक आढळले. म्हणजे ते रुग्णालयाच्या भिंतींबाहेरही होते.

२०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला आहे.

यावर उपाय काय?

नवी औषधे हवीतच, पण प्लाझमिडचा प्रवास अडवणे तितकेच महत्त्वाचे आहे. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करणे, गरज संपताच नळ्या काढणे, प्रतिकारक जिवाणू सापडलेल्या रुग्णांची वेगळी व्यवस्था करणे आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हे त्याचे मार्ग आहेत. शक्य तिथे रक्त किंवा लघवीची कल्चर तपासणी करून नेमके औषध निवडल्यास अनावश्यक मारा टळतो.

भारतात २०१४ पासून काही राखीव प्रतिजैविके शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. ती देताना औषध विक्रेत्याने डॉक्टर आणि रुग्णाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. औषधाच्या पाकिटावरील उभी लाल रेघ म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, अशी खूण. साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. घरात उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत. डोस आणि दिवस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच ठेवावेत.

फ्लेमिंग यांच्या गोष्टीतील जिवाणू चुकला आणि वाटही अपुरी ठरली. एक गोष्ट मात्र आजही तशीच लागू आहे. त्या गोष्टीत औषध चुकीचे घेतले पतीने आणि प्राण गेले पत्नीचे. रुग्णालयातही प्रतिकारक जिवाणूंमुळे दगावणाऱ्या रुग्णाने स्वतः कधी औषधाचा गैरवापर केलेला असतोच असे नाही.